योशिनोरी ओसुमी यांचे संशोधन आणि त्यांच्या उद्धरणांचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानचे पेशीजीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हापासून त्यांच्याविषयी दोन प्रकारचे प्रश्न सतत विचारले जातात. काही प्रश्न त्यांच्या शोधाविषयी असतात, तर काही त्यांच्या शोधनिबंधांना मिळालेल्या उद्धरणांविषयी. एका शोधनिबंधाने दुसऱ्याचा संदर्भ दिला की त्या दुसऱ्याच्या खात्यावर एक उद्धरण जमा होते. बोलताना आपण त्याला सायटेशनच म्हणतो. हे दोन्ही विषय येथे एकत्र घेतले आहेत, कारण ओसुमी यांच्या बाबतीत शोधाचा इतिहास ठाऊक नसेल तर उद्धरणांचे आकडे हमखास चुकीचे वाचले जातात.

ओसुमी यांनी नेमके काय शोधले?

पेशी स्वतःच्याच अंतर्भागातील जुने, निकामी किंवा अनावश्यक घटक पटलात, म्हणजे पातळ आवरणात, गुंडाळून पचवते आणि त्यांतून मिळालेला कच्चा माल पुन्हा वापरते. या प्रक्रियेला ऑटोफॅजी, म्हणजेच स्वभक्षण, म्हणतात. ही प्रक्रिया अस्तित्वात आहे हे ओसुमी यांच्या आधीच ठाऊक होते. बेल्जियमचे ख्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९५० च्या दशकात लायसोसोम हे पेशीतील पाचक अंगक ओळखले आणि १९६३ साली ऑटोफॅजी हा शब्द रूढ केला. द द्यूव यांना १९७४ चे नोबेल विभागून मिळाले. मात्र १९६३ नंतरची पंचवीसेक वर्षे हा विषय बव्हंशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या चित्रांपुरताच राहिला. ही प्रक्रिया कोणती जनुके चालवतात, ती सुरू कशी होते आणि पटल कसे तयार होते, यांपैकी कशाचाच उलगडा झाला नव्हता. तो ओसुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेकरीत वापरल्या जाणाऱ्या साध्या यीस्टवर काम करून केला.

त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात उशिरा झाली, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. ९ फेब्रुवारी १९४५ रोजी फुकुओका येथे जन्मलेल्या ओसुमी यांनी टोकियो विद्यापीठातून १९६७ साली पदवी आणि १९७४ साली डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेराल्ड एडलमन यांच्या प्रयोगशाळेत गेले. एडलमन यांना प्रतिपिंडांच्या रचनेवरील कामासाठी १९७२ साली नोबेल मिळाले होते. त्या प्रयोगशाळेत आधी उंदरांच्या शरीराबाहेरील फलनावर आणि मग यीस्टमधील डीएनएच्या द्विगुणनावर त्यांनी काम केले, पण ज्यामुळे नाव व्हावे असे काही हाती लागले नाही. यीस्टशी परिचय झाला, ही तेथील खरी कमाई.

१९७७ साली ते टोकियो विद्यापीठात परतले आणि पुढील दशकभर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत यीस्टच्या रिक्तिकेवर काम करत राहिले. रिक्तिका म्हणजे यीस्टच्या पेशीतील पाण्याने भरलेली मोठी पिशवी. तिच्याकडे त्या काळी केवळ कचऱ्याचे कोठार म्हणून पाहिले जाई. तिच्या पटलातून अमिनो आम्ले आत कशी ओढली जातात, याचा अभ्यास करणाऱ्यांची संख्या फारच थोडी होती. ज्या विषयात गर्दी आहे तेथे शिरण्याची आपल्याला इच्छा नव्हती, असे ओसुमी यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. १९८८ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, सहयोगी प्राध्यापक म्हणून त्यांना स्वतःची लहानशी प्रयोगशाळा मिळाली. आज एखाद्या निवड समितीपुढे त्या वेळचा त्यांचा अर्ज ठेवला आणि केवळ आकड्यांवरून निर्णय घ्यायला सांगितला, तर तो पहिल्या चाळणीतच गळण्याचा संभव आहे.

१९८८ साली सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना काय दिसले?

हा या सगळ्या कथेचा गाभा आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे योग्य ठरेल.

यीस्टला नायट्रोजन मिळेनासा झाला की ते वाढ थांबवून बीजाणू तयार करू लागते, आणि त्यासाठी पेशीला स्वतःची प्रथिने मोडावी लागतात. हे मोडकाम रिक्तिकेत होत असेल तर ते डोळ्यांना दिसायला हवे, असा ओसुमी यांचा तर्क होता. अडचण एवढीच होती की रिक्तिकेतील विकरे, म्हणजे एन्झाइम, आत येणारी वस्तू पाहता पाहता पचवून टाकतात आणि पाहण्याजोगे काहीच उरत नाही. म्हणून त्यांनी अशा वाणाचे यीस्ट घेतले ज्याच्या रिक्तिकेतील प्रथिने पचवणारी विकरे उत्परिवर्तनामुळे, म्हणजे जनुकातील बदलामुळे, निकामी झाली होती, आणि त्या यीस्टला उपाशी ठेवले. भट्टी विझवली आणि लाकडे टाकणे चालू ठेवले तर लाकडांचा ढीग साचतो, तसाच हा प्रकार होता. काही तासांतच रिक्तिका बारीक गोळ्यांनी भरून गेली आणि ते गोळे आत थरथरत फिरताना साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले.

या प्रयोगासाठी महागडे यंत्र लागले नाही. रिक्तिका हे यीस्टचे असे एकच अंगक आहे जे साध्या सूक्ष्मदर्शकातून सहज दिसते, आणि ओसुमी यांची दहा वर्षे तिच्याच सहवासात गेली होती. ते गोळे म्हणजे पटलात गुंडाळलेला पेशीद्रवाचाच अंश आहे, हे जपान महिला विद्यापीठातील मिसुझु बाबा यांच्यासोबत केलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कामातून स्पष्ट झाले. हे निरीक्षण शोधनिबंधाच्या रूपात प्रसिद्ध व्हायला मात्र १९९२ साल उजाडले. तो निबंध जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीत आला आणि त्याचे प्रथम लेखक ताकेशिगे हे होते.

१९९३ च्या शोधनिबंधाला इतके महत्त्व का दिले जाते?

१९९२ च्या निबंधाने प्रक्रिया दाखवली आणि १९९३ च्या निबंधाने ती चालवणारी जनुके हाती दिली. मिकी त्सुकादा या विद्यार्थिनीसह ओसुमी यांनी यीस्टमध्ये रसायनाच्या साहाय्याने यादृच्छिक उत्परिवर्तने घडवली आणि उपाशी ठेवल्यावरही ज्यांच्या रिक्तिकेत गोळे साचत नाहीत अशा पेशी शोधल्या. पहिली अशी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पाहून सापडली. ती उपासमारीत इतरांपेक्षा लवकर मरते, असे लक्षात आल्यावर त्याच गुणाचा चाळणीसारखा वापर करून बाकीच्या शोधता आल्या. अशा रीतीने स्वभक्षणासाठी आवश्यक असलेल्या जनुकांचे १५ गट एकाच निबंधात ओळखले गेले. हा निबंध दोनच लेखकांचा, अवघ्या सहा पानांचा आहे आणि तो फेब्स लेटर्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जर्मनीत मिखाएल थुम यांच्या गटाला आणि अमेरिकेत डॅनियल क्लायोन्स्की यांच्या गटाला वेगळ्या वाटांनी चालताना बरीचशी हीच जनुके सापडली. प्रत्येकाने आपापली नावे दिल्याने एकाच जनुकाला तीन-तीन नावे पडली आणि वाचणाऱ्यांचा गोंधळ होऊ लागला. अखेर २००३ साली सर्वांनी मिळून एटीजी (ऑटोफॅजीच्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप) ही एकच नामपद्धती स्वीकारली. जुन्या निबंधांत एपीजी, एयूटी अशी नावे दिसतात ती याच कारणाने, आणि उद्धरणांचा शोध घेताना ती विसरून चालत नाही.

पुढे या जनुकांचे कार्य कसे उलगडले?

१९९६ साली ओसुमी ओकाझाकी येथील मूलभूत जीवशास्त्र राष्ट्रीय संस्थेत प्राध्यापक झाले आणि त्यांच्या भोवती तामोत्सु योशिमोरी, नोबोरु मिझुशिमा, ताकेशी नोदा अशी तरुण मंडळी जमली. १९९८ साली एटीजी-१२ हे प्रथिन एटीजी-५ ला रासायनिक बंधाने जोडले जाते, हे नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २००० साली एटीजी-८ हे प्रथिन पटलातील एका मेदरेणूला चिकटवले जाते, हेही नेचरमध्येच आले. दोन्ही यंत्रणांचे, नको असलेल्या प्रथिनांवर खूण लावणाऱ्या युबिक्विटिन यंत्रणेशी साम्य होते आणि प्रथिन थेट मेदाला जोडण्याची ही पद्धत तर कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. या रासायनिक तपशिलात इथे अधिक शिरत नाही.

त्यांचा सर्वाधिक उद्धृत झालेला शोधनिबंध १९९३ चाच आहे का?

नाही, आणि हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. ओसुमी यांचे नाव असलेल्या प्रयोगनिबंधांमध्ये उद्धरणांच्या बाबतीत फार पुढे असलेला निबंध २००० सालचा आहे आणि तो एम्बो जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. यीस्टच्या एटीजी-८ चा सस्तन प्राण्यांतील भाईबंद असलेले एलसी-३ हे प्रथिन स्वभक्षणाच्या पटलावर जाऊन बसते, हे त्यात दाखवले आहे. त्याच्या प्रथम लेखिका युकिको काबेया, शेवटचे लेखक योशिमोरी आणि शेवटून दुसरे ओसुमी. त्याची उद्धरणे कित्येक हजारांच्या घरात आहेत आणि १९९३ चा निबंध त्याच्या बराच मागे आहे.

याचे कारण शोधाच्या खोलीत नसून उपयोगात आहे. एलसी-३ ची पटलाला चिकटलेली आणि न चिकटलेली अशी दोन रूपे असतात आणि ती प्रयोगशाळेत सहज वेगळी ओळखता येतात. त्यामुळे माणसाच्या किंवा उंदराच्या कोणत्याही पेशीत स्वभक्षण चालू आहे की नाही, हे मोजण्याचे सोपे साधन जगाला मिळाले. कर्करोगावर, यकृतावर, मेंदूवर किंवा जंतुसंसर्गावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ते साधन उचलले आणि उचलताना त्या निबंधाचा संदर्भ दिला. उलट १९९३ च्या निबंधातील १५ जनुके थोड्याच काळात पाठ्यपुस्तकात गेली, आणि पाठ्यपुस्तकात गेलेल्या गोष्टीचा मूळ संदर्भ देण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

हे केवळ ओसुमी यांच्याच बाबतीत घडले असे नाही. विज्ञानात आजवर सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१ चा असून तो प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीविषयी आहे. त्याची उद्धरणे तीन लाखांहून अधिक आहेत. त्याखालोखाल येणारा उलरिख लेमली यांचा १९७० चा निबंध मुळात एका विषाणूच्या डोक्याची जुळणी कशी होते याविषयी आहे, पण लोक त्याचा संदर्भ त्यातील, प्रथिने आकारानुसार वेगळी करण्याच्या जेल पद्धतीसाठीच देतात, आणि विषाणू कोणता हे संदर्भ देणाऱ्यांपैकी किती जण सांगू शकतील, याची शंकाच आहे.

नोबेल समितीने पारितोषिक जाहीर करताना जे चार महत्त्वाचे शोधनिबंध नमूद केले, ते वर सांगितलेले १९९२ व १९९३ चे निबंध आणि १९९८ व २००० सालचे नेचरमधील निबंध होते. एलसी-३ चा निबंध त्या यादीत नाही. उद्धरणांची क्रमवारी आणि शोधाची क्रमवारी वेगळी असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे अवघड आहे.

मूळ शोधाला उद्धरणे मिळायला इतका उशीर का लागला?

याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. ओसुमी यांनी स्वतःच नोबेलनंतरच्या मुलाखतीत सांगितले होते की त्यांनी काम सुरू केले तेव्हा वर्षाला स्वभक्षणावर वीसएक किंवा त्याहूनही कमी शोधनिबंध निघत, आणि पारितोषिकाच्या सुमारास ती संख्या पाच हजारांच्या पुढे गेली होती. ज्या विषयावर वर्षाकाठी वीस निबंध निघतात, त्यातील सर्वांनी जरी तुमचा संदर्भ दिला तरी वर्षाची उद्धरणे वीसच होतील. संदर्भ देणारी माणसेच नसतील तर संदर्भ येणार कोठून?

ही माणसे आली ती सस्तन प्राण्यांतील कामामुळे. १९९९ साली बेथ लिव्हाइन यांच्या गटाने बेक्लिन-१ या जनुकाचा कर्करोगाशी संबंध दाखवला. हे जनुक म्हणजे यीस्टमधील एटीजी-६ चेच मानवी रूप. २००४ साली मिझुशिमा यांच्या गटाने नवजात उंदरांना जन्मानंतरच्या उपासमारीत स्वभक्षणाची गरज पडते, हे सिद्ध केले. २००६ साली एटीजी-५ किंवा एटीजी-७ काढून टाकलेल्या उंदरांच्या मेंदूतील चेतापेशींचा ऱ्हास होतो, हे दोन जपानी गटांनी नेचरच्या एकाच अंकात प्रसिद्ध केले. इथून पुढे वैद्यकीय संशोधक लोटू लागले आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या यीस्टवरील निबंधांच्या उद्धरणांचा आलेखही त्यांच्यासोबत वर चढला.

म्हणजे १९९३ चा निबंध १९९५ साली जितका चांगला होता तितकाच २०१० सालीही होता, बदलले ते त्याच्या आजूबाजूचे जग. प्रसिद्धीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील उद्धरणांवरून कामाची किंमत ठरवणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे, असे मला वाटते.

त्यांचा एच-निर्देशांक किती आहे? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे का दिसतात?

एच-निर्देशांक ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ साली मांडली. एखाद्याच्या ५० निबंधांना प्रत्येकी किमान ५० उद्धरणे मिळाली असतील, पण ५१ निबंधांना प्रत्येकी ५१ मिळाली नसतील, तर त्याचा निर्देशांक ५० होतो. ओसुमी यांचा निर्देशांक कोणत्याही मोजणीने शंभराच्या वर आहे, पण नेमका आकडा तुम्ही कोठे पाहता यावर अवलंबून असतो. उद्धरणे मोजणाऱ्या संग्रहांपैकी वेब ऑफ सायन्स निवडक नियतकालिकेच मोजते, स्कोपसची यादी त्याहून वेगळी आहे, आणि गुगल स्कॉलर पुस्तके, प्रबंध, परिषदांतील लेख असे जे जे सापडेल ते सारे धरते, म्हणून त्याचा आकडा बहुधा सर्वांत मोठा येतो. यांपैकी एक खरा आणि बाकीचे खोटे असे नसते. आकडा लिहिताना कोठून आणि कोणत्या दिवशी घेतला हे नमूद केले नाही, तर मात्र तो निरर्थक ठरतो.

दुसरी गोष्ट अशी की हा निर्देशांक कधीही खाली येत नाही आणि तो सोळा लेखकांपैकी दहाव्यालाही पहिल्याइतकेच श्रेय देतो. ओसुमी १९८८ साली त्रेचाळीस वर्षांचे असताना तो आजच्या पद्धतीने काढला असता, तर त्यात पुढील कामाची पुसटशीही चाहूल लागली नसती.

उद्धरणांवरून त्यांच्या नोबेलचे भाकीत झाले होते का?

होय, एका अर्थी झाले होते. थॉमसन रॉयटर्स ही कंपनी उद्धरणांच्या आधारे दरवर्षी संभाव्य विजेत्यांची नावे जाहीर करत असे. तिच्या २०१३ च्या यादीत वैद्यकशास्त्रासाठी क्लायोन्स्की, मिझुशिमा आणि ओसुमी अशी तीन नावे स्वभक्षणासाठी एकत्र होती. तीन वर्षांनी, ३ ऑक्टोबर २०१६ रोजी, पारितोषिक जाहीर झाले तेव्हा त्यात एकट्या ओसुमी यांचे नाव होते. विषय उद्धरणांनी अचूक ओळखला, माणसे ओळखताना मात्र त्यांचा अंदाज चुकला.

इतरांवर अन्याय झाला का, यावर मतभेद आहेत. माझ्या मते थुम आणि क्लायोन्स्की यांचे काम स्वतंत्र आणि मोलाचे होते, पण रिक्तिकेत साचलेले गोळे पाहण्याची युक्ती आणि त्यावरून जनुकांपर्यंत पोहोचण्याचा पहिला मार्ग ओसुमी यांचाच होता, आणि समितीने त्या पहिल्या पावलाला मान दिला.

फेब्स लेटर्स हे फार मोठे नियतकालिक नाही. तरीही तेथील निबंधाला नोबेल कसे?

नोबेल शोधाला मिळते, नियतकालिकाला नव्हे. इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकातील लेखांना मिळालेल्या उद्धरणांचा सरासरी आकडा आहे. त्यावरून एका विशिष्ट निबंधाविषयी अनुमान काढणे म्हणजे वर्गाच्या सरासरी गुणांवरून एका मुलाचा निकाल लावणे होय. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार निबंधाला कमीअधिक गुण देण्याची तरतूद होती, म्हणून हा प्रश्न भारतीय विद्यार्थ्यांकडून विशेष येतो. त्या कोष्टकात त्सुकादा आणि ओसुमी यांच्या सहा पानांना काय गुण पडले असते, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे.

त्यांच्या नावाने शोध घेताना काही काळजी घ्यावी लागते का?

घ्यावी लागते. १९९८ च्या नेचरमधील निबंधात ओसुमी आडनावाचे दोन लेखक आहेत, त्यांपैकी एक त्यांच्या पत्नी मारिको ओसुमी. यीस्टच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनात नाव असलेल्या मासाको ओसुमी या तिसऱ्याच व्यक्ती आहेत आणि त्यांच्या आडनावाचे रोमन स्पेलिंग थोडे वेगळे आहे. केवळ आडनाव आणि आद्याक्षर टाकून शोधल्यास या साऱ्यांची सरमिसळ होते. शिवाय जीवशास्त्रात प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे नाव शेवटी येते, त्यामुळे केवळ प्रथम लेखकत्वावरून मोजणी केली तर ओसुमी यांची बहुतेक महत्त्वाची कामे हिशेबाबाहेरच राहतात.

त्यांना उपवासाच्या फायद्यांसाठी नोबेल मिळाले, हे खरे आहे का?

नाही. दर एकादशीच्या आणि श्रावणाच्या सुमारास हा संदेश मराठी घरांतील व्हॉट्सॲप गटांवर फिरतो, म्हणून स्पष्ट लिहिणे भाग आहे. ओसुमी यांनी उपाशी ठेवले ते यीस्टला, आणि तेही प्रामुख्याने नायट्रोजनविना. माणसाने किती तास किंवा किती दिवस न जेवता राहावे यावर नोबेल समितीने नमूद केलेल्या त्यांच्या चार निबंधांत एक वाक्यही नाही. उपासमारीत सस्तन प्राण्यांच्या काही अवयवांत स्वभक्षण वाढते, हे खरे आहे, पण तेवढ्यावरून अमुक उपवासाने तमुक आजार बरा होतो, असे म्हणता येत नाही. उपवास अवश्य करावा, मात्र त्याच्या पाठीशी ओसुमी यांचे नाव लावू नये. विज्ञानात चुकीचे उद्धरण हेही उद्धरण म्हणून मोजले जाते, ही मोजणीची आणखी एक मर्यादा. व्हॉट्सॲपवरील उद्धरणे कोणी मोजत नाही हे त्यातल्या त्यात बरे.

नोबेलनंतर ते काय करत आहेत?

२००९ पासून ते टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत होते. ही संस्था २०२४ साली विलीनीकरणानंतर इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स टोकियो या नावाने ओळखली जाऊ लागली. पारितोषिकानंतर २०१७ साली त्यांच्या पुढाकाराने मूलभूत संशोधनाला साहाय्य करणारे एक प्रतिष्ठान जपानमध्ये उभे राहिले. लगेच उपयोग दाखवता येत नाही म्हणून ज्यांना अनुदान मिळणे कठीण जाते, अशा जीवशास्त्रज्ञांना ते निधी देते.